गोदी दिनाचं जेवण

स्मारकावरून घरी येईपर्यंत गाडीत कोणी तोंड उघडलं नाही. एरवी परतीच्या वाटेवर पाहुण्याच्या भाषणाची यथेच्छ टर उडवली जायची. धाकटी हुबेहूब नक्कल करायची आणि आईसुद्धा तोंडावर हात ठेवून हसायची. या वर्षी टर उडवायला भाषणच झालं नव्हतं. मंत्री आले नाहीत. त्यांच्या कचेरीतला कोणी तरुण साहेब आला, त्यानं फुलांचं चक्र दगडाला टेकवून ठेवलं, घड्याळात पाहिलं आणि तो गेला. शिवाय आईची खुर्ची दुसऱ्या रांगेत होती. इतकी वर्षं ती पहिल्या रांगेत, अगदी मधोमध असायची. थोरल्यानं खुर्च्या मांडणाऱ्याला खडसावलं, तर तो म्हणाला, "मला सांगितलं तशा मांडल्या, साहेब."

आई दुसऱ्या रांगेत बसली. समोरच्या माणसाची मान मध्ये येत होती म्हणून तिला दगडावरची नावं दिसली नाहीत. तशी तिला ती पाठ होती, आणि त्यातलं एक तिच्या नवऱ्याचं होतं.

गोदीच्या फाटकासमोर संपावरच्या कामगारांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा तिचा नवरा क्रेन चालवायचा. धाकटी पोटात होती. पुढच्या वर्षी ते सरकार पडलं, नव्यानं सनद केली, सगळ्यांना एक कायदा आला, आणि मेलेल्यांच्या बायकांना काहीतरी द्यायचं म्हणून हिला एक जुनं छपाईचं यंत्र मिळालं. बाईनं छपाई कधी पाहिली नव्हती. पण थोरला हाताशी आला आणि त्यानं त्या यंत्रावर घर उभं केलं. आता खाली छापखाना आणि वर घर. शाईचा वास जिन्यातून वर येतो तो पडद्यांत, गाद्यांत आणि थोरल्याच्या बायकोच्या, म्हणजे वहिनीच्या, म्हणण्याप्रमाणे भातातसुद्धा शिरतो.

या गोदी दिनाला सगळा देश बंद असतो. निदान आजपर्यंत असायचा. आता सरकारला सुट्ट्या फार झाल्यासारखं वाटू लागलं होतं. एका महिन्यात इतिहासाची सुट्टी एकच, असं ठरलं होतं, आणि या महिन्यात दोन होत्या. एक गोदी दिन, दुसरा सनद दिन. कोणता ठेवायचा ते एक समिती ठरवणार होती, आणि या घराच्या नशिबी असं की त्या समितीवर आईचा मधला मुलगा होता.

त्याला घरात सगळे प्रोफेसर म्हणत. शाळांमधलं इतिहासाचं पुस्तक त्याचंच होतं.

जेवायला बसल्यावर पहिला घास गिळायच्या आत थोरल्यानं तोफ डागली.

"बोला, प्रोफेसर. तुमच्या समितीचं काय चाललंय? की आम्हाला पेपरातूनच कळायचं?"

"दादा, जेवताना नको."

"गोदी दिनाला नाही बोलायचं तर मग कधी बोलायचं?"

"बोलू दे रे त्याला," धाकटी म्हणाली. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि भावांची भांडणं पेशंटच्या कण्हण्यासारखी ऐकायची, एक कान ठेवून. "नाहीतर तो धुसफुसत जेवेल आणि मग पोटात जळजळ होते म्हणून गोळी मला मागेल."

प्रोफेसरनं चमचा खाली ठेवला. त्याला वर्गात बोलायची सवय होती, त्यामुळे घरात बोलतानाही तो आधी घसा साफ करायचा.

"प्रश्न सरळ आहे. दोनातली एक सुट्टी राहणार."

"मग त्याला समिती कशाला हवी?" थोरला म्हणाला. "एका दिवशी माणसं मेली. दुसऱ्या दिवशी काही लोकांनी पंख्याखाली बसून सह्या केल्या. सह्यांना सुट्टी द्यायची?"

"त्या सह्यांमुळे आज तुला कोणी चौकशीशिवाय उचलून नेत नाही."

"आणि त्या सह्या झाल्या कशामुळे? फाटकासमोर रक्त सांडलं म्हणूनच ना?"

"मी कुठे नाही म्हणतोय? पण सुट्टी म्हणजे बक्षीस नव्हे, दादा. मेलेल्यांना शाबासकी द्यायला आपण देश बंद ठेवत नाही. जो दिवस सगळ्यांना आपला म्हणता येतो त्या दिवशी ठेवतो. सनद सगळ्यांची आहे. गोदी दिन सगळ्यांचा नाही. ज्यांनी गोळ्या झाडल्या त्यांचीही घरं आहेत, मुलंबाळं आहेत. त्यांनी आजच्या दिवशी काय करायचं?"

स्वयंपाकघरात एक भांडं जरा जोरात खाली ठेवलं गेलं. वहिनीचे वडील पोलिसात शिपाई होते आणि त्या दिवशी फाटकापाशी रांगेत उभे होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी गोळी हवेत झाडली होती, असं या घरात म्हटलं जायचं. हे पहिल्यांदा कोण म्हणालं ते आता कोणाला आठवत नव्हतं. बहुधा थोरलाच असावा, लग्नाला आईचा होकार मिळवताना.

धाकटीनं विषय ओढून बाजूला नेला. "आमच्या वॉर्डात नव्या मुली आल्यात. एकीनं मला विचारलं, सिस्टर, गोदी दिन म्हणजे बंदराचा वाढदिवस का हो?"

थोरल्यानं कपाळावर हात मारला. प्रोफेसरला मात्र आयतंच सापडलं.

"मी तेच म्हणतोय. एखादा दिवस विसरायचा असेल ना, तर त्याला सुट्टी द्यावी. लोक उशिरा उठतात, चादरी धुवायला काढतात, बस. लक्षात ठेवायचा असेल तर शाळा चालू ठेवा आणि पोरांना शिकवा."

"शाळेत तर तुझंच पुस्तक आहे," थोरला म्हणाला. "त्यात बाबांच्या दिवसाला किती जागा दिलीस?"

प्रोफेसरनं पाण्याचा पेला उचलला.

"सांग की."

"एक परिच्छेद आहे. पुढच्या आवृत्तीत वाढवणार आहे."

"मला विचाराल तर," धाकटी म्हणाली, "लढाईला नको आणि सहीलाही नको. या शहरात नळाला पहिल्यांदा शुद्ध पाणी आलं, त्या दिवसाची सुट्टी द्या. त्या दिवसानं जेवढी पोरं वाचवली तेवढी कोणी वाचवली नाहीत."

"कोणता तो दिवस?"

"कोणालाच माहीत नाही. तेच तर म्हणतेय मी."

आई टेबलाच्या टोकाशी बसली होती आणि रश्श्यात पावाचा तुकडा बुडवून तसाच धरून होती. मुलांना वाटायचं तिला या गोष्टी समजत नाहीत. तिला सनद चांगली समजत होती. सनद झाली तेव्हा धाकटी अंगावर पीत होती आणि शेजारणी पेढे वाटल्यासारख्या आनंदानं घरोघर सांगत फिरल्या होत्या. पण आईला हवा होता तो गोदी दिनच. वर्षातून एकदा सगळं शहर थांबायचं. भोंगे गप्प, दुकानं बंद, रस्ते मोकळे. त्या दिवशी तिला वाटायचं की थांबलंय ते आपल्या एकटीचंच नाही. बाकी वर्षभर जग चालू असायचं आणि ती मागे पडलेली असायची. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. पोटच्या पोरापुढे हात पसरायचा आणि म्हणायचं, बाबा रे, तुझ्या बापाची सुट्टी राहू दे? ते तिच्यानं होणार नव्हतं. न सांगता त्याला कळावं, एवढीच तिची अपेक्षा होती.

"वहिनी, या ना आता बसायला," धाकटीनं हाक मारली.

"होतंच आलंय, वन्सं. तुम्ही घ्या."

हा सवाल-जबाब दरवर्षी व्हायचा. गोदी दिनाच्या जेवणात वहिनी कधीच टेबलाशी बसली नाही. काही ना काही ऊन करायचं राहिलेलं असायचं. आणि टेबलाशी खुर्च्याही तेवढ्याच असायच्या. धाकटीला आज त्या खुर्च्यांचाच राग आला. समोर दोघे भाऊ गोळी झाडणाऱ्यांच्या घरच्यांवर वाद घालतायत, आणि ते घरचं माणूस आत उभ्यानं भात ढवळतंय.

"खालून स्टूल आणते," असं म्हणून ती उठली.

"नको!" थोरला म्हणाला. "खाली पसारा आहे."

पण ती जिना उतरून गेलीसुद्धा.

खालचा दिवा तिनं लावला. यंत्र झाकलेलं होतं. भिंतीला लागून पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरांचे गठ्ठे रचलेले होते, छातीइतके उंच. ते अजून अर्धेच झाले होते. या छापखान्यात लाल आधी छापतात आणि काळा नंतर. म्हणजे आधी सगळ्या कागदांवर नुसते रविवार आणि सुट्ट्या छापून होतात, बाकीचं पान कोरं असतं. ते वाळलं की मग काळ्या तारखा त्यांच्या मधल्या जागांत भरतात. लहानपणी धाकटीला असे नुसत्या लाल तारखांचे कागद खेळायला मिळायचे आणि तिला वाटायचं, काही देशांत वर्षभर सुट्टीच असते.

स्टूल गठ्ठ्यांच्या मागे होतं. ते ओढताना वरचा कागद सरकला. तिनं सहज या महिन्यावर नजर टाकली. रविवार होते. सनद दिन होता, लालभडक. आजच्या तारखेच्या जागी काही नव्हतं. कोरा चौकोन होता, उद्या त्यात काळा आकडा पडणार होता.

तिनं खालचा कागद पाहिला, मग गठ्ठ्याच्या मधला, मग दुसऱ्या गठ्ठ्यातला. सगळीकडे तेच होतं. स्टूल तिथेच राहिलं. ती कागद घेऊन वर आली आणि रश्श्याचं पातेलं सरकवून तो टेबलावर पसरला.

"दादा, हे काय आहे?"

थोरल्याचा चेहरा पडला. पण तो थोरला होता, पडलेला चेहरा त्यानं लगेच उचलला.

"माल वेळेत द्यावा लागतो. समिती नुसता घोळ घालतेय, मी किती दिवस थांबू? दुकानदार दुसरीकडे गेले असते. कुठलीतरी एक बाजू धरून लाल छापणं भागच होतं."

"आणि तू ही धरलीस," धाकटी म्हणाली. "इतका वेळ रक्ताच्या गोष्टी करत होतास. आज त्या खुर्च्या मांडणाऱ्या गरिबाला झापलंस. आणि खाली बाबांना पुसून मोकळा झालास?"

"पुसून नाही! मी अंदाज बांधला." त्यानं प्रोफेसरकडे बोट केलं. "मी याला ओळखतो. शाळेपासून ओळखतो. जिकडे चार माणसं जास्त, तिकडे जाऊन हा उभा राहणार. मला माहीत होतं हा काय करणार ते."

प्रोफेसर उभा राहिला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि त्यामुळे तो फार खरा वाटला.

"एक फोन करायचास, दादा. विचारायचंस तरी. मतं अर्धी-अर्धी आहेत, आणि मी अजून मत दिलेलं नाही. मी आज इथं आलो ते आईचं ऐकायला. तू मला विचारायच्या आधीच निकाल लावलास, आणि वर छापलास."

धाकटी त्याच्या बाजूला सरकली. तिनं त्याच्या दंडावर हातही ठेवला. थोरला एकटा पडला. बायको आपली बाजू घेईल म्हणून त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. ती दारात उभी होती खरी, पण तिची नजर त्या कागदातल्या कोऱ्या चौकोनावर होती.

"अजून दिलं नाहीस?" आईनं विचारलं.

"नाही, आई."

आईनं पावाचा तुकडा ताटात ठेवला. गालाला थोडा रंग आला. मघाशी तिला जे करायचं नव्हतं तेच तिनं केलं.

"मग राहू दे ती सुट्टी," ती म्हणाली. "मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. एवढी राहू दे."

प्रोफेसर पुन्हा खाली बसला. त्यानं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"बघतो ना, आई. पण ते वाटतं तितकं सोपं नाही. लांब कशाला जायचं, वहिनींचंच बघ. इतकी वर्षं झाली, आजच्या दिवशी त्या कधी या टेबलाशी बसल्या? त्यांच्या मनाला काय होत असेल, याचा आपण कधी विचार केला? हा दिवस या घरातसुद्धा सगळ्यांचा झाला नाही, मग देशाचा कुठून होणार? मी त्यांच्यासारख्यांच्या बाजूनं विचार करतोय."

"माझ्यासाठी नको हं, भाऊजी," वहिनी म्हणाली.

ती हात पुसत पुढे आली. या टेबलाशी या दिवशी ती वाढण्याशिवाय कशालाही पुढे आलेली नव्हती, त्यामुळे धाकटी नकळत बाजूला सरून उभी राहिली.

"माझे वडील या दिवशी घर बंद करून बसायचे," वहिनी म्हणाली. "भिंतीकडे तोंड करून. पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. बाहेर सगळं बंद असायचं. आणि संध्याकाळी मला म्हणायचे, आज सगळ्या देशाला माहीत आहे मी काय केलं ते. त्यांना बरं वाटायचं, भाऊजी. तुम्हाला पटणार नाही. पण बाकीच्या दिवसांत ते त्यांना एकट्यालाच माहीत असायचं ना."

"अगं, त्यांनी हवेत झाडली होती," थोरला म्हणाला.

"तसं तुम्ही म्हणता."

थोरल्यानं हातातला घास ताटात परत ठेवला.

"आणि मी टेबलाशी बसत नाही, ते हा दिवस माझा नाही म्हणून नव्हे. तो माझाही आहे. तुम्ही बाहेर तुमच्या माणसाचा दिवस पाळता, मी आत माझ्या माणसाचा पाळते. मला आत बरं वाटतं. तुम्ही सुट्टी काढलीत तर माझ्या वडिलांनी जायचं कुठे? सनद दिनाला तर त्यांनी काहीच केलेलं नाही." तिनं हातातलं फडकं खुर्चीच्या पाठीवर टाकलं. "तेव्हा माझं निमित्त करू नका. आई म्हणतात तसं करा. राहू द्या ती सुट्टी."

आई सुनेकडे पाहत राहिली. दोघी एका बाजूला, असं या घरात या विषयावर कधी झालं नव्हतं.

प्रोफेसरनं दोन्ही कोपरं टेबलावर टेकली आणि डोकं हातांत धरलं. त्यानं आयुष्यभर इतिहासातल्या माणसांच्या चुका लाल शाईनं अधोरेखित केल्या होत्या. आपली सांगताना त्याला वाक्यच सुचेना.

"वहिनी," तो म्हणाला. "मत देऊन झालंय."

"काय?" धाकटी म्हणाली.

"सोमवारी. गोदी दिन जाणार. परवा जाहीर करतील." तो वहिनीकडे बघायला धजत नव्हता म्हणून त्या कागदाकडे बघून बोलत होता. "मतं खरंच अर्धी-अर्धी होती. मग मी उठलो. म्हणालो, माझा बाप त्या फाटकासमोर मेला, आणि माझ्याच घरात एक बाई आहे, तिचा बाप समोरच्या रांगेत होता. दरवर्षी या दिवशी ती स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. हा दिवस तिला माणसांत येऊ देत नाही. असं बोललो मी. एकदोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मतं फिरली."

"माझ्यामुळे?" वहिनीनं विचारलं.

"मी नाव घेतलं नाही तुमचं."

"सोमवारी मी घरीच होते," वहिनी म्हणाली. "वाटाणे सोलत बसले होते दुपारभर. फोन केला असतात तर उचलला असता."

थोरला मात्र मध्येच बोलला.

"मी म्हणालो नव्हतो? ओळखतो म्हणून सांगितलं ना मी!"

"तू गप्प बस," धाकटी त्याच्यावर उसळली. "एकानं विकलं, दुसऱ्यानं छापलं. आणि वर दोघं आईपुढे बसून जेवताय! आणि तू रे, मघाशी तिच्या तोंडावर खोटं बोललास. ती मागत होती तुझ्याकडे. बघतो म्हणालास."

"मला वाटलं, दादाचं ते उघडं पडलंय, तर मी निदान..." प्रोफेसरनं वाक्य अर्धंच सोडलं. निदान थोडा वेळ चांगला मुलगा दिसेन, असं त्याला म्हणायचं होतं. ते सगळ्यांना कळलं.

आईनं त्याला एवढंच विचारलं, "माझं उदाहरण दिलंस का रे तिथं?"

"तुझं सगळ्यांना माहीतच आहे, आई."

"म्हणजे नाही दिलंस."

"नाही."

आईनं मान हलवली. तिला रडू येईल असं धाकटीला वाटलं आणि ती तिच्याकडे वळली, पण आई रडली नाही. दुसऱ्या रांगेतली खुर्ची कोणी मांडली ते तिला आता समजलं होतं. खुर्च्या मांडणाऱ्याला बातमी कळली होती, मंत्र्याला कळली होती, यंत्राला कळली होती. घरात जन्मलेल्या पोरांनी तिला तेवढं सांगितलं नव्हतं.

"तुम्ही तिघं जरा खाली जा," ती म्हणाली.

"आई, मी काय केलंय?" धाकटी म्हणाली.

"काही नाही केलंस. तरी जा. हे दोघं एकमेकांच्या अंगावर धावतील, कोणीतरी हवं मध्ये."

तिघं गेली. जिन्यातच थोरल्याचा आवाज चढला, मग प्रोफेसरचा, मग त्या दोघांवर धाकटीचा. खालचं दार लागलं तशी ती गुरगुर जमिनीखालून येऊ लागली. वहिनी ताटं गोळा करायला लागली.

"राहू दे. बस," आई म्हणाली.

वहिनी प्रोफेसरच्या रिकाम्या खुर्चीच्या कडेवर बसली, कधीही उठता येईल अशी. आईनं तो कागद हळूहळू घडी करून बाजूला सारला.

"हवेत नव्हती ना?"

"नाही."

"किती वर्षं झाली तुला या घरात येऊन. मी कधी विचारलं नाही."

"मलाही सांगता आलं नाही, आई."

"कोणाला लागली?"

"ते त्यांनाही कळलं नाही. धूर होता, पळापळ होती. नंतर त्यांनी नोकरी सोडली आणि विचारत फिरायचे. कोण कुठे उभं होतं, कोण कुठे पडलं. लोक हाकलून द्यायचे त्यांना." वहिनीनं टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा केले. "मी या घरात लग्न करतेय म्हटल्यावर ते काही बोलले नाहीत. एकच विचारलं. म्हणाले, तो क्रेनवाला फाटकाच्या कोणत्या बाजूला पडला, ते विचारून ये."

"मग?"

"मी म्हटलं विचारते. तुमच्यापुढे तोंड उघडायची हिंमत झाली नाही. ते जाईपर्यंत झाली नाही."

आईला माहीत होतं. तिला नेऊन दाखवलं होतं. डावीकडे, वजनकाट्याच्या खोलीच्या भिंतीपाशी. ती भिंत तिला अजून विटेविटेनं दिसायची.

"आणि ते कुठे उभे होते?" तिनं विचारलं. "तुझे वडील. रांगेत कोणत्या टोकाला?"

वहिनीला तेही माहीत होतं. लहानपणापासून ऐकलेलं होतं. एकीनं एक बाजू सांगायची आणि दुसरीनं दुसरी, की झालं. इतकी वर्षं कोणालाच न कळलेलं आता या टेबलावर कळणार होतं.

"आई, ते..."

"थांब," आई म्हणाली. तिनं हात वर केला होता. "आज नको. आज मला एवढंच पुरे झालंय."

वहिनी थांबली. खाली काहीतरी आपटलं आणि धाकटी मोठ्यानं ओरडली.

"पुढच्या वर्षी विचारीन," आई म्हणाली. "याच दिवशी. सुट्टी नसेल. ही दोघं आपापल्या कामाला गेलेली असतील. खाली यंत्र चालू असेल. तू हातातलं टाकून इथं येऊन बस."

"येईन."

"तेव्हा सांग."

"आणि तेव्हा तुमच्यानं ऐकवलं नाही तर?"

"तर त्याच्या पुढच्या वर्षी."

वहिनीला हुंदका आला, तो तिनं आवरला नाही. आईनं तिला जवळ घेतलं नाही, तेवढं तिच्यानं आज होणार नव्हतं. तिनं फक्त स्वतःचं ताट पुढे ओढलं आणि गार झालेला रस्सा, एकेक घास करत, संपवायला सुरुवात केली.